वेशीपासून दीक्षाभूमीपर्यंत : पायी पाहिलेले चंद्रपूर

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, राजुरा अशा गावोगावच्या आयाबहिणी पांढऱ्या साड्या नेसून, शिदोरी बांधून येतात. बुद्धवंदना होते, भाषणे होतात. पोरांसाठी चार पुस्तके घेतली जातात आणि रात्रीच्या गाडीने माणसे घरी परततात. आमचे कुटुंबही कित्येक वर्षे असेच येत-जात होते.

मागच्या खेपेला आमचा ऑटो जटपुरा दरवाज्यापाशी गर्दीत अडकला. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने त्या दगडी दरवाज्याकडे पाहून विचारले, "बाबा, हा कोणी बांधला? अन् हत्तीवर चढून बसलेला तो प्राणी कोणता?"

मला उत्तर देता आले नाही. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले म्हणून घरात पुस्तकांची फळी आहे. पण ज्या गावात त्यांनी आपल्या माणसांना दीक्षा दिली, ते गाव मी कधी नीट वाचलेच नव्हते. मनाला लागून राहिले. मग थंडीतल्या एका रविवारी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगी आणि माझी म्हातारी आई, भल्या सकाळी चंद्रपुरात उतरलो. ठरवले एवढेच, की ऑटो करायचा नाही, वाटाड्या घ्यायचा नाही. पायी चालायचे आणि अडले की माणसांना विचारायचे.

चार दरवाजे, पाच खिडक्या

जुने चंद्रपूर म्हणजे गोंडराजांचे चांदा. खांडक्या बल्लाळशहाने हे गाव वसवले असे सांगतात. गावाभोवती दगडी परकोट आहे. त्याला चार दरवाजे : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. खिडकी म्हणजे कोटातला लहान दरवाजा. मुलीने ही नावे वहीत लिहून घेतली. हत्तीवरचा तो प्राणी सिंह, हेही तिला कळले. हत्तीला नमवणारा सिंह ही गोंडराजांची राजखूण.

आम्ही अंचलेश्वर दरवाज्यापासून सुरुवात केली. जवळून झरपट नदी वाहते. तिथेच गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची मोठी समाधी त्याची राणी हिराई हिने बांधली. नवऱ्यामागे राज्य सांभाळणारी बाई तीनशे वर्षांपूर्वी आपल्या भागात होऊन गेली, हे ऐकून पत्नी म्हणाली, "शाळेत आम्हाला हिचे नाव कोणी सांगितले नाही."

तिथून कोटाच्या कडेने बगड खिडकीकडे निघालो. ही भिंत अनेक वर्षे झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडालेली होती. २०१७ साली इथल्या इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी हातात झाडू, विळे घेऊन ती साफ करायला घेतली. सरकारी आदेशाची वाट न पाहता गावच्या पोरांनी घाम गाळला, म्हणून आज आपल्याला भिंत दिसते. पुढे रामाळा तलाव लागला. काठावर बसून आम्ही शिदोरी सोडली. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून अर्धा तास तिथेच विसावा घेतला. पायी फिरण्याचा हाही एक फायदा आहे. घाई करणारे कोणी नसते.

पिंपळाचे झाड

गोंडांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ मध्ये चांद्यावर इंग्रज आले. शहरातल्या जिल्हा कारागृहापाशी आलो तेव्हा आई थांबली. "इथेच बाबूरावाला फाशी दिली ना?" तिने विचारले.

होय. मोलमपल्लीचे जमीनदार वीर बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये आदिवासी तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. वय अवघे पंचवीस. तिथल्या पिंपळाला अभिवादन करायला दरवर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी बांधव येतात. एरवी आत जाता येत नाही. आम्ही रस्त्यावरूनच हात जोडले.

मनात विचार आला, आपण १६ तारखेला येतो आणि निघून जातो. अवघ्या पाच दिवसांनी आपले आदिवासी भाऊ याच गावात येतात. दोघांचीही गावे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एकमेकांना लागून आहेत. तरी त्यांचा दिवस आपल्या घरात किती जणांना ठाऊक आहे?

दूर मेक्सिको देशात समुद्रकाठी कांपेचे नावाचे असेच कोटाचे शहर आहे. माया लोकांची वस्ती होती तिथे १५४० मध्ये स्पॅनिश लोकांनी ते वसवले. चाच्यांच्या हल्ल्यांना कंटाळून १६८६ पासून भिंत बांधायला घेतली. तिलाही दरवाजे चारच. पुढे बरीच भिंत पाडली गेली, पण उरलेले बुरूज त्यांनी जपले. १९९९ मध्ये युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा म्हटले. जगभरची माणसे हातात नकाशा घेऊन तिथे पायी हिंडतात. आपल्या चांद्याचे चारही दरवाजे अजून उभे आहेत. आपण मात्र त्यांच्याखालून हॉर्न वाजवत जातो.

शेवटचा टप्पा

जटपुरा दरवाज्यातून बाहेर पडून आम्ही दीक्षाभूमीवर आलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा सोहळा झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा खालावलेली होती. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला ते गेले.

आई सांगू लागली, "माझे बाबा त्या दिवशी पायीच आले होते. घरी आले तेव्हा पाय फोडांनी भरले होते, पण माणूस ताठ चालत होता." ही गोष्ट मी पन्नाशीला आलो तरी तिने मला सांगितली नव्हती. मी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी सोबत चालताना ती आपोआप निघाली.

वाचक बंधू-भगिनींनो, या फेरीला तिकीट लागत नाही. पाण्याची बाटली, शिदोरी, वही-पेन्सिल आणि एक सकाळ पुरे. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, इथले ऊन ठाऊकच आहे. लेकरांना नकाशा काढायला लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, त्यांना पायरी-पायरीवर बसू द्या आणि ते काय बोलतात ते लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेला भद्रावतीच्या विजासन टेकडीवरची बौद्ध लेणी पाहा. चंद्रपूरपासून ती फार दूर नाहीत.

मुलीने काढलेला नकाशा आमच्या भिंतीवर चिकटवला आहे. त्यात चार दरवाजे, पाच खिडक्या, एक तलाव, एक पिंपळ आणि शेवटी दीक्षाभूमी आहे. कोपऱ्यात तिने दोन अनवाणी पाय काढलेत आणि खाली लिहिले आहे : आजीचे बाबा.

जय भीम!