महागड्या रिसॉर्टमधील सदोष सेवा आणि ग्राहकाचा अधिकार

छायाचित्रातील खोली आणि प्रत्यक्ष मिळालेली खोली यांतील तफावत हा पर्यटकांच्या तक्रारींचा नित्याचा विषय होय. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार निवास व भोजनव्यवस्था ही 'सेवा' ठरते. कलम २(११) मधील 'त्रुटी' या संज्ञेत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडविणे हेही समाविष्ट आहे. त्यामुळे 'समुद्रदर्शनी' म्हणून विकलेल्या खोलीच्या खिडकीतून केवळ वाहनतळ दिसत असेल, तर तो निव्वळ अपेक्षाभंग राहत नाही. बेचव न्याहारी किंवा नावडती सजावट यांबाबत मात्र आयोगापुढे फारसे काही सिद्ध करता येत नाही; आश्वासन काय होते, हे दाखवावे लागते. म्हणून आरक्षणाची पावती, जाहिरातीचा मजकूर व खोलीची छायाचित्रे जपावीत आणि मुक्काम सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार द्यावी. अनेक पर्यटक नेमके हेच टाळतात. सहलीचा विरस होऊ नये ही भावना समजण्याजोगी असली, तरी पुरावा तेथेच निसटतो.

१९८६ च्या कायद्यान्वये गोव्यातील रिसॉर्टविरुद्धची तक्रार बहुधा गोव्यातच दाखल करावी लागे. कलम ३४ मुळे आता नागपूरच्या ग्राहकास नागपूरच्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असून, दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.