पिकअपची ओढ आणि मॅनिफोल्डचा मोह

धामापूरच्या तलावाचं पाणी पाटाने खालच्या शेतांत जातं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. पाट कुठे गाळाने भरला की शेवटच्या कुणग्याला पाणी कमी पडतं. इंजिनातलं इनटेक मॅनिफोल्ड हवेचं असंच वाटप करतं. एका तोंडाने हवा घ्यायची आणि चारही सिलिंडरना सारखी पोचवायची.

हवा तरी किती? बोलेरो पिकअपचं डिझेल इंजिन २५२३ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. तरीही ३००० आरपीएमला, टर्बोचा दाब हिशेबात न धरता, मिनिटाला जवळजवळ ३,८०० लिटर.

जांभ्या चिऱ्यांनी भरलेली गाडी चढावर दम टाकू लागली, की मालकाला मोबाइलवर पाहिलेले अमेरिकन व्हिडिओ आठवतात. तिथे मॅनिफोल्ड बदलतात आणि गाडी सुसाट सुटते. त्यात खोटं काही नाही. फक्त ती इंजिनं वेगळी. अमेरिकेत हा नाद जुना आहे. व्हिक एडेलब्रॉक यांनी १९३८ मध्ये फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी स्वतःचं मॅनिफोल्ड बनवलं आणि पुढे त्याचाच मोठा धंदा झाला. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल व्ही-८ इंजिनात निवडीला खरंच अर्थ असतो. ‘ड्युअल प्लेन’ प्रकारात हवेच्या वाटा लांब आणि दोन गटांत विभागलेल्या असतात. कमी आरपीएमला ओढ चांगली मिळते. ‘सिंगल प्लेन’मध्ये सगळ्या वाटा आखूड आणि एकाच मोकळ्या पोकळीतून निघणाऱ्या, त्याचा फायदा इंजिन वर फिरू लागल्यावर. शर्यतीला दुसरं, ओझ्याला पहिलं. तिथेही पुष्कळ लोक शर्यतीचं मॅनिफोल्ड ओझ्याच्या गाडीला लावून बसतात, कारण ते दिसायला झकास असतं.

आपल्या डिझेल पिकअपचं गणित निराळं. तिची खरी ओढ १४०० ते २२०० आरपीएमच्या आसपास, आणि ३२०० च्या पुढे तिच्याकडून काही मागण्यात अर्थ नाही. हवा टर्बो ढकलतो, डिझेल किती सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. नुसती वाट रुंद केली म्हणून ईसीएम जास्त डिझेल सोडत नाही. धडधाकट इंजिनाला बाहेरचं ‘परफॉर्मन्स’ मॅनिफोल्ड लावणं म्हणजे माझ्या मते पैसे पाण्यात.

मग ओढ जाते कुठे? पुष्कळदा काजळीत. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. या नियमांतल्या इंजिनांत ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळका धूर पुन्हा मॅनिफोल्डमध्ये सोडतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडं कमी होतात. त्या धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा थर बसतो. वाट बुजत जाते. गाडी डिझेल जास्त पिते, काळा धूर सोडते.

पण मॅनिफोल्डला हात घालण्याआधी एअर फिल्टर पाहा. चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर तांबड्या धुळीने लवकर भरतो. मग टर्बो ते इंटरकूलर पाइप. त्याला चीर गेली, क्लिप सैल झाली, तर दाबलेली हवा बाहेर सुटते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि लक्षणं हुबेहूब तीच. त्यानंतर स्कॅनर लावून ईजीआरचा फॉल्ट बघायचा. एवढं करूनही जमलं नाही तर मॅनिफोल्ड उतरवून धुवायचं. इंजिनावर असतानाच खरवडू देऊ नका. सुटलेली ढेकळं सरळ व्हॉल्व्हवर जातात. बसवताना पॅकिंग नवंच हवं, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे.

तडा गेला असेल, आटे मेले असतील, तर मात्र नवं घेण्यावाचून गत्यंतर नाही. ओरिजिनल परवडलं तर प्रश्नच मिटला. लोकल घ्यायचं तर जुनं मॅनिफोल्ड बरोबर घेऊन दुकानात जा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ईजीआरचं भोक, सेन्सरची जागा, बोल्टांचं अंतर तंतोतंत जुळायला हवं. हेडवर बसणाऱ्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घाला, ०.१ मिलिमीटरची पाती सहज आत शिरली तर तो नग परत करा. आत बोट फिरवा. ओतकामाची वाळू चिकटून राहिलेली असेल तर ती उद्या सिलिंडरमध्ये जाईल. ओतकामासाठी कोल्हापूरचं नाव मोठं, पण दुकानदाराने ‘कोल्हापूरचा माल’ म्हटल्यावर तपासणी टाळायची नसते. जुन्या बीएस-३ गाडीचं भंगारातलं मॅनिफोल्ड हेडवर बसेलही कदाचित, पण ईजीआर आणि सेन्सरचं काय करणार?

‘ईजीआर बंद करून टाकू, कटकटच नको’ असं सुचवणारे भेटतात. त्यांना नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांवर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि जुना नग लगेच भंगारात देऊ नका. नवं मॅनिफोल्ड लावून, आंबे किंवा मासळी भरून गाडी एकदा करूळ घाटाने गगनबावड्याला चढू दे, मग बघा.