एक सर्व्हर, अनेक पडदे: शाळेच्या संगणक कक्षासाठी तिसरा मार्ग

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. ज्या शाळांचे संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत, त्यांच्यापुढे पेच आहे: चालू स्थितीतील यंत्रे भंगारात काढावीत, की धोका पत्करून वापरत राहावे? यावर तिसरा मार्ग ‘थिन क्लायंट’चा आहे.

या रचनेत विद्यार्थ्यासमोर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि एक लहानशी पेटी असते. पेटीत हार्ड डिस्क नसते. सुरू होताच ती नेटवर्कच्या तारेवाटे सर्व्हरशी जोडली जाते. संगणकप्रणाली, सॉफ्टवेअर आणि मुलांच्या फाइल्स सर्व्हरवरच राहतात. म्हणून नवे सॉफ्टवेअर एकदाच बसवावे लागते. एखादी पेटी बिघडली, तरी विद्यार्थी शेजारच्या पेटीवर आपले काम पुढे नेऊ शकतो. बहुतेक पेट्यांत पंखाही नसतो, त्यामुळे धूळ साचून होणारे बिघाड कमी होतात. वीजही साध्या डेस्कटॉपपेक्षा बरीच कमी लागते.

नव्या पेट्या घेतल्याच पाहिजेत असेही नाही. जुने संगणक नेटवर्कवरून सुरू करून हेच काम करू शकतात. त्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेला ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ विनामूल्य उपलब्ध आहे. नॉर्वेतील शाळांसाठी २००१ मध्ये ‘स्कोलेलिनक्स’ हा उपक्रम याच विचाराने आकाराला आला. गोव्यालाही ही कल्पना अगदी परकी नाही. या शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्सच्या आधारे शाळांत कामाला लावले होते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. सर्व्हर बंद पडला की सारा वर्ग थांबतो. त्यामुळे सर्व्हर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर असणे, तसेच फाइल्सची नियमित दुसरी प्रत ठेवणे अनिवार्य ठरते. सर्व पडद्यांवर एकाच वेळी व्हिडिओ चालवल्यास वेग मंदावतो. केवळ विंडोजवर चालणारे शैक्षणिक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेलच, याची शाश्वती नसते.

म्हणून खरेदीपूर्वी चार-पाच जुन्या संगणकांवर महिनाभर प्रयोग करावा. आणि सर्व्हर बिघडल्यास त्याच दिवशी तो दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर शाळेपाशी आधीच तयार असावे. देखभाल कमी होते ती पडद्यांपाशी. सर्व्हरची जबाबदारी मात्र कोणाला तरी घ्यावीच लागते.