एका इंजिनात अनेक कंपन्या

काशीतल्या दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी, बाजारात तिथली बोली. घरची भाषा सोडावी लागली नाही, पण बाजारची सगळ्यांना यावीच लागली. याच शहरातल्या बनारस रेल्वे इंजिन कारखान्यात यंत्रांकडूनही असंच काही करून घ्यावं लागतं.

तिथे डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन बनतं. त्यात मोटारींना वीज पुरवणारा कन्व्हर्टर एका कंपनीचा, ब्रेकची यंत्रणा दुसरीची, चालकासमोरचा पडदा तिसरीचा असू शकतो. प्रत्येकाचं आतलं सॉफ्टवेअर वेगळं. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र दुभाषा लिहायचा, तर दहा उपकरणांना पंचेचाळीस दुभाषे लागतील!

म्हणून एकच सामायिक वाहिनी ठेवतात. तिला एमव्हीबी म्हणतात. आयईसी ६१३७५ या आंतरराष्ट्रीय मानकात १९९९ साली तिचे नियम आले. वाहिनीवरचा व्यवस्थापक ठरलेल्या क्रमानं क्रमांक पुकारतो. ज्या उपकरणाचा तो क्रमांक, ते आपली माहिती सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगतं. ज्याला हवी तो घेतो. वेग सांगणाऱ्याला तो कोण ऐकतंय याच्याशी देणंघेणं नसतं. त्यामुळे कन्व्हर्टरची कंपनी बदलली, तरी नव्यानं तेच क्रमांक आणि तेच अर्थ पाळले की पडद्याला हात लावावा लागत नाही.

खरी मारामारी त्या अर्थांवरच होते. एकानं ताशी १०० किलोमीटर म्हणून १०० पाठवले आणि दुसऱ्यानं ते दशांश किलोमीटर समजले, तर संदेश बिनचूक पोचूनही पडद्यावर १० दिसतील. (आणीबाणीचा ब्रेक हवेच्या नळीतला दाब सोडून लागतो, हे त्यातल्या त्यात बरं.)

पाया सामायिक असला की फायदा मोठा. १९९३मध्ये रेल्वेनं एबीबी कंपनीशी करार केला आणि त्यातून डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आलं. त्याचं गिअरचं गुणोत्तर बदलून, सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून चित्तरंजनच्या कारखान्यानं प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ घडवलं. ताशी १०० किलोमीटरचं इंजिन १४०चं झालं.

आता प्रश्न उरतो तो क्रमांक आणि अर्थांचा तक्ता कुणाकडे असावा हा. पुरवठादारानं तो कुलपात ठेवला, तर वाहिनी खुली असूनही गिऱ्हाईक अडकतं. माझ्या मते तक्ता खरेदीदाराच्या मालकीचा हवा, आणि ही अट निविदेत किमतीच्याही आधी लिहायला हवी.