डुंडासच्या केशरी काड्या

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात, झीहान गावापासून जवळच, वर्षभर पावसात भिजणाऱ्या दाट जंगलात डुंडास नावाचे गाव होते. 'होते' असेच म्हणावे लागते. १८९०च्या दशकात चांदी आणि शिशाच्या खाणींमुळे ते वसले आणि खाणी बसल्या तसे उठलेही. आज तिथल्या ॲडलेड खाणीचे नाव जगभर घेतले जाते ते चांदीसाठी नव्हे, क्रोकोइट या खनिजासाठी. केशराच्या काड्यांसारखे लांबट, लालकेशरी, झळाळणारे स्फटिक! त्याचे नावही केशराच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. टास्मानियाचे ते राज्य-खनिज आहे.

क्रोकोइट म्हणजे लेड क्रोमेट. शिसे, क्रोमियम आणि प्राणवायू यांचे संयुग. ही जोडी निसर्गात सहसा जमत नाही. क्रोमियम असते पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या गडद, लोह-मॅग्नेशियमयुक्त खडकांत. शिसे येते ते ग्रॅनाइटसारख्या खडकांबरोबर वर चढणाऱ्या गरम पाण्यातून. डुंडासला सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा गडद खडक आधीच होता. त्यात क्रोमाइटचे कण विखुरलेले होते. पुढे कोट्यवधी वर्षांनी त्याला गरम पाण्याने भेगा पाडल्या आणि त्या भेगांत शिशाचे धातुक, म्हणजे गॅलेना, बसले. मग पावसाने काम हाती घेतले. गॅलेना कुजला, शिसे सुटले. वरच्या थरात गंजलेल्या लोखंडाचा आणि मँगनीजचा पोकळ्यांनी भरलेला खडक उरला.

खरी गंमत मँगनीजची आहे. क्रोमाइटमधले क्रोमियम 'तीन संयुजेचे', स्वभावाने स्वस्थ. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, जागचे हलत नाही. मँगनीजचे ऑक्साइड मात्र त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेते आणि ते 'सहा संयुजेचे' होते. हे दुसरे क्रोमियम पाण्याबरोबर वाहते. वाहता वाहता त्याला शिसे भेटले आणि पोकळीच्या भिंतीवर केशरी काड्या उगवू लागल्या.

तीन आणि सहा हा फरक खाणीपेक्षा शरीराला जास्त महत्त्वाचा. तीनचे क्रोमियम पेशीच्या आवरणातून सहजी आत जात नाही. सहाचे क्रोमियम क्रोमेटच्या रूपात असते आणि त्याचा आकार सल्फेटसारखा असतो. पेशीला सल्फेट लागते, म्हणून तिने त्याच्यासाठी दार ठेवलेले आहे. क्रोमेट त्याच दाराने आत शिरते. आत गेल्यावर त्याचे पुन्हा तीनमध्ये रूपांतर होते, पण त्या झटापटीत डीएनएला इजा होते. क्रोमेटच्या कारखान्यांतील कामगारांना त्वचेवर खोल व्रण, नाकाच्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो हे फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात जे क्रोमाइट सापडते, ते तीनचे. दोन्हींना सरसकट 'क्रोमियम' म्हणून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चुकीचे.

क्रोकोइट प्रथम वर्णिले गेले ते रशियात, उरल पर्वतातल्या बेरेझोव्स्क इथल्या सोन्याच्या खाणीतून, १७६६ साली. १७९७मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांना त्यातच क्रोमियम हे नवे मूलद्रव्य सापडले. पाठोपाठ 'क्रोम यलो' हा भडक पिवळा रंग आला. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांतही तो आहे. तो रंग म्हणजे कृत्रिम क्रोकोइटच.

आणि हाच रंग हळदीत सापडतो! बांगलादेशात १९८०च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळली नाही, तिचा रंग उतरला. तो वाढवण्यासाठी व्यापारी हळकुंडांवर लेड क्रोमेट चोळू लागले आणि ही सवय टिकली. लेड क्रोमेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात त्यातले शिसे सुटते. पोटातले आम्ल सहाच्या क्रोमियमचा बराचसा भाग तीनमध्ये बदलते, शिशाचे मात्र ते काही करू शकत नाही. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातले शिसे कुठून आले, हे समस्थानिकांवरून शोधताना संशोधक हळदीपर्यंत पोचले. २०१९मध्ये तिथल्या सरकारने ठोक बाजारात क्ष-किरण यंत्रे नेऊन तपासण्या केल्या, दंड ठोठावले. बाजारातल्या नमुन्यांत त्या वर्षी ४७ टक्के हळदीत शिसे आढळले होते. २०२१पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले.

भारतातही हळदीत लेड क्रोमेट मिसळणे हा गुन्हा आहे. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. भेसळीचा रंग उलट अधिक 'अस्सल' दिसतो. खात्री प्रयोगशाळाच देते. डुंडासचे स्फटिक संग्रहालयात काचेआड असतात, आणि संग्राहकही ते हाताळल्यावर हात धुतात.