खडूंनी रंगवलेला मंगळ

जुलै १९६५. कॅलिफोर्नियातल्या पासाडिना इथली जेट प्रपल्शन लॅबोरेटरी. मरिनर-४ हे यान नुकतंच मंगळाजवळून, सुमारे दहा हजार किलोमीटरवरून, निघून गेलं होतं. त्यानं टिपलेली चित्रं यानातल्या टेपवर साठवलेली होती आणि आता ती पृथ्वीकडे येत होती. वेग सेकंदाला जेमतेम आठ बिट. २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडासाठी ० ते ६३ मधला एक आकडा. असं एक चित्र पुरतं हाती यायला आठ तास लागायचे. त्यात टेपरेकॉर्डर नीट चाललाय की नाही, अशी शंका अभियंत्यांच्या मनात होती. म्हणजे आठ तास थांबायचं, आणि शेवटी कदाचित कचराच हाती यायचा.

रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेवढा धीर निघेना. येणारे आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून ते त्यांनी एकाशेजारी एक भिंतीवर स्टेपल करायला सुरुवात केली. आकडे तर आले, पण आकड्यांकडे बघून काय कळणार? ग्रम चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेले आणि राखाडी छटांचे खडू मागितले. आम्ही खडू विकत नाही, दुकानदार म्हणाला, रंगीत पेस्टल आहेत. वाद घालायला वेळ नव्हता. ग्रम पेस्टल घेऊन आले. अमुक ते तमुक आकड्याला पिवळा, त्यापुढे तपकिरी, त्यापुढे आणखी गडद, असं ठरवून मोठमोठ्या माणसांनी भिंतीसमोर उभं राहून चौकटी भरल्या. मंगळाची कड आणि तिच्यामागचं अंतराळ भिंतीवर उमटलं. प्रसिद्धी विभागाची इच्छा होती की पत्रकारांनी खऱ्या चित्रासाठी थांबावं. पण थांबतंय कोण! टीव्हीवर आधी झळकलं ते हे हातानं रंगवलेलं चित्रच. पुढे ते चौकटीत बसवून संस्थेचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट देण्यात आलं.

आता सांगा, हा फोटो की चित्र? प्रत्येक ठिपक्याचा उजेड यानानं मोजलेला आहे, त्यात कुणाच्या कल्पनेचा अंशही नाही. रंग मात्र सगळे दुकानात जे मिळाले ते. अवकाशाचं कुठलंही चित्र समोर आलं की लोक विचारतात, “हे खरंय की बनवलेलं?” मला हा प्रश्नच चुकीच्या जागी पडलेला वाटतो. यात मोजलेलं काय, निवडलेलं काय आणि अंदाजानं भरलेलं काय, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर उत्तरं मिळतात.

हिवाळ्यात वांगणीला किंवा कुठल्याही गावाबाहेरच्या माळावर आकाशदर्शनाला गेलेल्यांना एक हमखास अनुभव येतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुर्बिणीतून बघायला रांग लागते. छापील चित्रांतला गुलाबी-जांभळा पिसारा सगळ्यांच्या डोळ्यांत असतो. एकेक जण डोळा लावतो आणि बाजूला होताना म्हणतो, “एवढंच?” काचेवर कुणी फुंकर मारावी तसा फिकट राखाडी धूसर डाग. दुर्बिणीचा दोष नसतो. अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास झोपलेल्या असतात. जाग्या असतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. कॅमेऱ्याला येतो, मिनिटं-तास साठवता येतो. त्या गुलाबी रंगाला कारण आहे तापलेला हायड्रोजन, आणि तो तिथं खरोखर आहे. तुमच्या डोळ्यांपुरता नाही, इतकंच.

गंमत अशी की, हबल दुर्बिणीतले कॅमेरेही रंगांध आहेत. त्यांच्या चिपला फक्त उजेड किती ते कळतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी अशी इवलीशी काच बसवलेली असते, त्यामुळे एका टिचकीत रंगीत फोटो मिळतो. हबल एकेक फिल्टर पूर्ण चिपसमोर आणून वेगवेगळे कृष्णधवल फोटो घेतं. रंग चढतात ते जमिनीवर.

हबलचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र घ्या. १ एप्रिल १९९५ रोजी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बीण गरुड तेजोमेघाकडे वळवली. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं. वायू आणि धुळीचे तीन खांब, त्यातल्या सर्वांत उंच खांबाची उंचीच जवळपास चार प्रकाशवर्षं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या नावानं हे चित्र बाहेर आलं आणि मग टपालाच्या तिकिटापासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे पोचलं. हिरवट-निळ्या झळाळीत उभे तपकिरी खांब. ही झळाळी जन्मली एका अडचणीतून. शास्त्रज्ञांनी तीन फिल्टर लावले होते: गंधकाचा, हायड्रोजनचा आणि ऑक्सिजनचा प्रकाश टिपणारे. त्यात गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही रंग लाल, एकमेकांच्या अगदी शेजारचा. दोघांना त्यांचा खरा रंग दिला, तर कुठला वायू कुठं संपतो आणि कुठला सुरू होतो, हे कुणालाच कळणार नाही. मग गंधक लालच ठेवला, हायड्रोजनला हिरवा दिला आणि ऑक्सिजनला निळा. क्रम लहरीनं ठरवला नाही. ज्याची तरंगलांबी जास्त तो लालाकडे, ज्याची कमी तो निळ्याकडे. म्हणजे रंग खोटे म्हणावेत तर खोटे, पण नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा असतो त्याच अर्थानं. सह्याद्री पावसाळ्यात हिरवागार असतो म्हणून कुणी भूगोलाच्या नकाशाला खोटारडा ठरवत नाही.

(हीच पद्धत आता हौशी लोकही वापरतात. तीन अरुंद फिल्टर लावले की रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड अडतो, त्यामुळे शहरातल्या बाल्कनीतूनही तेजोमेघ टिपता येतात. शेजाऱ्यांना वाटतं, हा माणूस रात्रभर कुणाच्या खिडकीत बघतोय.)

त्या छायाचित्रात आणखी एक गोष्ट आहे, जी रंगांच्या गडबडीत निसटते. खांब उभे आहेत! अवकाशात वर-खाली असं काही नसतं. चित्र आडवं ठेवलं असतं तरी विज्ञान तेच राहिलं असतं. पण उभं ठेवलं की ते खांब होतात, आणि वरून ऊन पडल्यासारखं दिसतं. कलेच्या इतिहासकार एलिझाबेथ केसलर यांनी हबलच्या चित्रांचं नातं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी निसर्गचित्रांशी जोडून दाखवलं आहे. थॉमस मोरान, आल्बर्ट बिअरस्टाट यांनी रंगवलेले पश्चिमेकडचे ते अजस्र कडे आणि ढगांतून उतरणारा उजेड. मला हे पटतं. जेम्स वेब दुर्बिणीच्या जुलै २०२२ मधल्या पहिल्या चित्रांपैकी एकाचं नावच ‘कॉस्मिक क्लिफ्स’ आहे. कडा म्हटलं की आपण पायथ्याशी उभं राहून वर बघतो. ते पायथ्याशी उभं करणं हे चित्र तयार करणाऱ्याचं काम.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेबनं हेच खांब अवरक्त किरणांत पुन्हा टिपले, तर ते अर्धपारदर्शक निघाले. धुळीच्या आडचे तारे चमचमताना दिसले. आणखी लांब तरंगलांबीत बघितलं तर बहुतेक तारे गायब आणि नुसती धूळ. एकाच जागेची तीन चित्रं, आणि तिन्ही मोजलेली. खोडदच्या जीएमआरटीच्या तीस तबकड्या तर आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. रेडिओलहरींना रंग असायचा प्रश्नच नाही, तरी त्यातून निघालेल्या दीर्घिकांच्या चित्रांत लाल-नारिंगी ज्वाळा दिसतात. तो रंग निवडलेला. आकार मात्र आकाशाचा.

रंगाची निवड चुकली तर काय होतं? जुलै १९७६ मध्ये वायकिंग-१ मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र घाईघाईत जाहीर झालं, आणि त्यात आकाश निळं होतं. ओळखीचं, घरच्यासारखं. मग यानावर लावलेल्या रंगाच्या पट्ट्यांशी ताळा करून बघितला तेव्हा लक्षात आलं की मंगळावरची धूळ हवेत तरंगते आणि आकाश गुलाबीसर-पिवळट दिसतं. ही दुरुस्ती सांगितली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क हुर्यो उडवली, अशी आठवण कार्ल सेगन यांनी नोंदवली आहे. लोकांना निळं आकाश हवं होतं.

निळ्या आकाशाची ही हौस चित्रकारांनाही होती. चेस्ली बोनस्टेल हे मूळचे वास्तुरचनाकार, पुढे हॉलिवूडमध्ये सिनेमांसाठी पडद्यामागची दृश्यं रंगवणारे. १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांची शनीची चित्रं छापून आली, शनीच्या निरनिराळ्या चंद्रांवरून शनी कसा दिसेल याची. टायटनवरून दिसणारा शनी सर्वांत प्रसिद्ध: बर्फाळ सुळके, गडद निळं आकाश आणि त्यात कोरीसारखा टांगलेला कड्यांसकट शनी. शनी किती मोठा दिसेल, कुठल्या कोनात दिसेल, याचं गणित त्यांनी काटेकोर केलं होतं. ते चित्र बघून खगोलशास्त्राकडे वळल्याचं सांगणारे अनेक शास्त्रज्ञ निघाले. आणि २००५ च्या जानेवारीत हॉयगन्स यान टायटनवर उतरलं तेव्हा? नारिंगी धुकं. इतकं दाट की तिथं उभं राहून डोळ्यांना शनी दिसणारच नाही. सुळकेही नाहीत, गोलसर गोटे पसरलेले. भूमिती बरोबर, हवामान चूक. बोनस्टेल यांना दोष देता येत नाही, कारण टायटनला वातावरण आहे हे जेरार्ड कायपर यांनी दाखवलं तेसुद्धा त्याच १९४४ साली.

याच्या नेमकं उलट घडलं ते झां-पिएर ल्युमिने यांच्या बाबतीत. १९७९. पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेत हा तरुण फ्रेंच संशोधक एक प्रश्न घेऊन बसला होता: कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची चकती फिरत असेल, तर दुरून ती दिसेल कशी? आकडेमोड आयबीएम ७०४० या संगणकानं केली, भोकं पाडलेल्या कार्डांवर. पण चित्र छापून देणारं यंत्र हाताशी नव्हतं. मग ल्युमिने यांनी फोटोच्या निगेटिव्ह कागदावर शाईनं हजारो ठिपके दिले. जिथं उजेड जास्त तिथं ठिपके दाट. नंतर तो कागद उलटा छापला की ठिपके उजळ. ठिपक्यांची रांगोळी म्हणा हवं तर, फक्त जोडायच्या रेघा आइन्स्टाइननं आखून दिलेल्या. चकतीचा मागचा भाग प्रकाश वाकल्यामुळे कृष्णविवराच्या डोक्यावरून उचललेला दिसतो, आणि आपल्याकडे येणारी बाजू ठळक, दूर जाणारी फिकट.

एप्रिल २०१९ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या चमूनं एम-८७ या दीर्घिकेतल्या, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूरच्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर केलं. काळं वर्तुळ, भोवती प्रकाशाचं कडं, आणि कड्याची एक बाजू ठळक. ल्युमिने यांना चाळीस वर्षं थांबावं लागलं. मजा म्हणजे त्या चित्रातला मेदूवड्यासारखा नारिंगी रंग हा निवडलेलाच. निरीक्षण होतं १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरींचं. एवढंच नव्हे, जगभरच्या दुर्बिणींनी मिळून आकाशाचे तुकडेतुकडेच मोजले होते, मधल्या जागा गणितानं भरायच्या होत्या. आपल्याला हवं ते कडं आपणच तर काढत नाही ना, या भीतीनं चार गटांना एकमेकांशी न बोलता वेगवेगळं काम करायला लावलं. चौघांनाही कडं दिसलं. मग हे छायाचित्र, आणि ल्युमिने यांचं ते हस्तचित्र? फरक आहेच: एकात माप आकाशाचं, दुसऱ्यात समीकरणांचं. पण मला विचाराल तर ल्युमिने यांच्या ठिपक्यांमध्ये कल्पना कितीतरी कमी आहे, आपण समजतो त्यापेक्षा.

खरी गडबड होते ती चित्राखालची ओळ गळून पडते तेव्हा. दर दिवाळीत मोबाइलवर एक फोटो फिरतो, ‘अवकाशातून दिसणारी दिवाळी’: काळ्या भारतावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. तो एका रात्रीचा फोटोच नव्हे. अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये केलेला तो नकाशा आहे. १९९२ आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे, २००३ मधले लाल. कुठली शहरं कधी फुगली याचा इतका सुंदर नकाशा क्वचितच सापडेल. मुंबईच्या कडेनं रंगांचे थर बघत बसावेत असा. पण सूची कापली गेली आणि लाल रंगाचा आकाशकंदील झाला.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असं बारीक अक्षरांत छापायची पद्धत आहे. बाह्यग्रहांच्या बातम्यांना तर ती ओळ सर्वांत ठळक हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सात चेंडूंची ओळ जगभर छापून आली. कुणावर समुद्र, कुणावर बर्फ. कॅलटेकचे रॉबर्ट हर्ट आणि टिम पाइल यांनी ती शास्त्रज्ञांशी बोलून तयार केली होती. मोजलेलं किती होतं? ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, त्या घटीचा आलेख. त्यावरून ग्रहाचा आकार आणि फेरीचा काळ कळतो, बाकी तापमान किती असेल याचा हिशेब. समुद्र हा अंदाज, आणि तसं सांगितलेलंही होतं. मार्च २०२३ मध्ये वेबनं सर्वांत आतल्या ‘बी’ ग्रहाची उष्णता मोजली, तर तिथं वातावरणाचा पत्ता नव्हता. त्याची नवी चित्रं आता उघड्या, करड्या खडकाची असतात. जून महिन्यात ‘सी’चीही दाट हवेची आशा मावळली. ‘ई’ मात्र चित्रांत अजून निळा आहे.