तपासणाऱ्यांची तपासणी

डोणगांवच्या बाजारपेठेंतील कोणत्याहि व्यापाऱ्यास विचारा; ज्या दुकानाचें माप त्याच दुकानदारानें तपासावयाचें, त्या दुकानांतून तो स्वतः पायलीभर ज्वारीहि घेणार नाहीं. वजनमापांचा निरीक्षक दुकानदाराचा नोकर नसतो, म्हणूनच त्याच्या शिक्क्यास किंमत. ही साधी गोष्ट आमच्या शिक्षणखात्यास अद्याप उमगलेली दिसत नाहीं. शाळा चालविणार जिल्हा परिषद, त्या तपासणारे विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख तिच्याच कचेरींतले, आणि दोष निघाल्यास चौकशीहि तेथेंच ! आरोपी, साक्षीदार व न्यायाधीश एकाच घरांतले असावेत, हें कायद्याच्या कोणत्या पुस्तकांत बसतें ?

तपासणी आपल्याकडे नवी नव्हे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें प्रांतोप्रांतीं विद्याखातीं निघालीं व त्यांबरोबर तपासनीस आले. डिप्टीसाहेब यावयाचे म्हणजे शाळा सारवावयाची, पोरांनीं धुतलेले सदरे घालावयाचे व हुशार मुलगा पुढें बसवावयाचा, हें आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकत आलों. तरी त्या जुन्या पद्धतींत एक गुण होता. डिप्टी मुलाच्या हातीं पुस्तक देऊन त्याजकडून वाचवून घेत असे. (पुष्कळ मुलें तें पान पाठच करून येत, हें निराळें.)

नुसती करडी तपासणी हाहि उपाय नव्हे. इंग्लंडांत १८६२ पासून परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरूं लागलें, तेव्हां मास्तर तपासणीपुरतेंच शिकवूं लागले. मॅथ्यू आर्नोल्ड ह्या कवीनें, जो स्वतः शाळा-तपासनीस होता, त्या रीतीवर कडक टीका केली. त्याच देशांत २०२३ सालीं एका मुख्याध्यापिकेनें आत्महत्या केली, व तपासणीचा त्यास हातभार लागला असा निर्णय मृत्यूच्या चौकशींत झाला. पुढें २०२४ सालीं सरकारी शाळांवर एका शब्दाचा शेरा मारण्याची चाल तेथील सरकारानें बंद केली. आपल्या चुकीचें परीक्षण करण्याचें एवढें धैर्य आमच्या सरकारानेंहि दाखवावें.

कारण चुका येथेंहि लहान नाहींत. ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन ठिकाणीं मोजलें जाऊं नये म्हणून मतदाराप्रमाणें मुलांच्या बोटांस शाई लावावी लागली, आणि पटावर नांव पण वर्गांत मूल नाहीं असा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर उघड झाला. रोजकीर्द व खतावणी जुळत होती. गोदाम रिकामें होतें! इतकीं वर्षें शेरेबुकांत ज्यांनीं सह्या केल्या, ते काय पाहत होते, हा प्रश्न मात्र कोणीं फारसा विचारला नाहीं.

त्यानंतर २०१५ सालीं ‘शाळासिद्धी’ आली. शाळेनें ४६ मानकांवर आपले आपणच गुण मांडावयाचे. २०२४ सालीं राज्याच्या नव्या आराखड्यांत तीं मानकें १२८ झालीं. सुमारें दहा शाळांमागें एक असलेला केंद्रप्रमुख हे तक्ते व छायाचित्रें गोळा करण्यांत दिवस घालवितो. तिसरीच्या मुलानें वाचलेलें ऐकावें केव्हां? दोष त्या माणसाचा नाहीं, त्यास दिलेल्या कामाचा आहे. शाळा चालविणारा व पारखणारा निराळे असावेत असें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतच लिहिलें आहे. आमची मागणी एवढीच कीं, तें अक्षरशः अमलांत यावें. तपासनीस परिषदेच्या ताब्याबाहेरचा असावा, त्यानें वर्गांत घटकाभर बसून न पाहिलेलें पान वाचवून घ्यावें, आणि त्याचा अहवाल शाळेच्या भिंतीवर लागावा.

तोंपर्यंत डोणगांवकरांनीं थांबण्याचें कारण नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत, व शाळेच्या कामावर देखरेख करणें हें त्या समितीचें कर्तव्य ठरविलें आहे. पुढच्या सभेंत मागील तपासणीचा अहवाल मागावा. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं अर्ज करावा; त्यास दहा रुपयांचा कोर्ट-फी स्टँप पुरतो.